टीव्ही घेताना आधी खोलीतला उजेड बघा
क्यूएलईडी आणि ओएलईडी, नावं सारखी म्हणून एकच समजू नका, क्यूएलईडी म्हणजे मागे बॅकलाइट असलेला एलसीडीच, फक्त क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे रंग जास्त खुलतात, आणि ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो नि स्वतःच विझतो त्यामुळे काळा रंग खरंच काळाकुट्ट दिसतो. दिवे घालवून सिनेमे बघणार असाल तर माझ्या मते ओएलईडीच घ्या. पण खोलीत भरपूर ऊन येत असेल किंवा न्यूज चॅनेल तासन्‌तास चालू राहत असेल तर मिनी एलईडी, म्हणजे बॅकलाइटला खूप बारीक एलईडी दिवे असलेला एलसीडी, बरा, कारण एकाच जागी राहणाऱ्या लोगोचा डाग ओएलईडीवर कायमचा बसू शकतो. दुकानात काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं लावायला सांगा, अक्षरांभोवती धुरकट उजेड पसरला तर डिमिंग झोन, म्हणजे बॅकलाइटचे वेगवेगळे मंद करता येणारे भाग, बहुतेक कमी आहेत. आणि बाजूला सरकूनही बघा, बऱ्याच एलसीडीत तिरक्यातून रंग फिके पडतात.