पॉलिसीवर सही करण्याआधी: पगारदार घरात आयकर कसा वाचवावा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम बघतो. दरवर्षी जूनमध्ये फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचं कंपनीचं प्रमाणपत्र) हातात पडला की जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी गर्दी होते. प्रश्न ठरलेला: "काका, आता काही करता येईल का?" जूनमध्ये फारसं करता येत नाही. पण बहुतेकांचे पैसे जातात ते हिशेब न मांडल्यामुळे, आणि तो जूनमध्येही मांडता येतो.

मीही त्यातलाच. बऱ्याच वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका बँकेतल्या माणसाने "कर वाचेल" म्हणत माझ्या गळ्यात पॉलिसी मारली. हप्ता वर्षाला ४० हजार. पीएफ आणि घरकर्जाचं मुद्दल मिळून माझी ८०सीची, म्हणजे ठरावीक गुंतवणूक-खर्चांवर मिळणाऱ्या वजावटीची, मर्यादा आधीच भरलेली होती, हे मला मे महिन्यात कळलं. त्या पॉलिसीने एक रुपयाही कर वाचला नाही.

खालचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या उत्पन्नाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसलेले एक-दोन सोडले तर क्रमांक टाळले आहेत.

पायरी १: कागद एका पिशवीत आणा

फॉर्म १६, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, घरकर्जाचं वार्षिक पत्रक, आरोग्यविम्याची पावती, मुलांच्या शिकवणी शुल्काची (ट्यूशन फी) पावती. शाळेची बस, डोनेशन, क्लासची फी यात धरत नाहीत. मग आयकराच्या पोर्टलवर जाऊन २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं पत्रक) आणि एआयएस (तुमच्या वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांचं पत्रक) उघडा. एआयएसमध्ये तुमचं व्याज, लाभांश, शेअरविक्री, सगळं दिसतं. जे तिथे आहे आणि तुमच्या विवरणपत्रात नाही, त्याचीच पुढे नोटीस येते.

पायरी २: दोन्ही पद्धतींनी हिशेब मांडा

खरी बचत इथे आहे, म्हणून इथे घाई नको. करपद्धती दोन: जुनीत बऱ्याच वजावटी मिळतात, नवीत त्यातल्या बहुतेक मिळत नाहीत पण दर कमी. तुम्ही काही सांगितलं नाही तर नवी करपद्धत लागू होते. तिच्यात पहिले ४ लाख करमुक्त, मग प्रत्येक पुढच्या ४ लाखांना ५, १०, १५, २०, २५ असे टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित (पावती न मागता मिळणारी) वजावट वेगळी, म्हणजे १२ लाख ७५ हजार पगारापर्यंत काही भरायचं नाही.

एक उदाहरण घ्या. पगार १२ लाख ४० हजार, इंदिरानगरात फ्लॅट, त्याचं कर्ज चालू. हा माणूस सवयीने जुनी पद्धत घेतो. प्रमाणित वजावट ५० हजार, ८०सी दीड लाख, घरकर्जाचं व्याज २ लाख, आरोग्यविमा २५ हजार, व्यवसायकर अडीच हजार. एवढं सगळं वजा करून उरतात ८ लाख साडेबारा हजार आणि कर येतो ७८ हजार. नव्या पद्धतीत तोच माणूस शून्य भरतो. वर्षभर पावत्या जमवल्याचा दंड म्हणायचा हा.

पगार १२.७५ लाखांच्या जरा वर गेला म्हणून घाबरू नका. १२ लाख ९५ हजार पगार असेल तर करपात्र उत्पन्न १२ लाख २० हजार. कोष्टकाने कर ६३ हजार येतो, पण १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढाच कर घ्यायचा असा दिलासा आहे. म्हणून २० हजार आणि ४ टक्के उपकर, एकूण २०,८०० रुपये.

मग जुनी पद्धत कोणाला परवडते? २० लाख पगार धरा. नव्या पद्धतीत कर १ लाख ९२ हजार ४००. जुनीत त्याच्या खाली यायचं तर सगळ्या वजावटी मिळून साडेसात लाखांच्याही पुढे जाव्या लागतात. पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज फेडणारा, नोकरीसाठी गंगापूर रोडला भाड्याने राहणारा आणि आईवडिलांचा विमा भरणारा माणूस तिथवर कदाचित पोचेल. बाकीच्यांनी पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरवर आकडे टाकून बघावेत, शेजाऱ्याचं ऐकू नये.

कंपनीला एप्रिलमध्ये एक पद्धत सांगितली म्हणून अडकून पडत नाही. धंद्याचं उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरताना बदलता येते. अट एकच, मुदतीत भरा. उशिरा भरलं की जुनी पद्धत मिळत नाही.

पायरी ३: जुनी ठरली, तर हे तपासा

८०सीचे दीड लाख भरताना आधी पीएफ, शिकवणी शुल्क आणि घरकर्जाचं मुद्दल मोजा. उरलेल्या जागेपुरतीच नवी गुंतवणूक करा. एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजना) ५० हजार यावेगळे. आरोग्यविम्याचे २५ हजार, आणि साठीच्या पुढच्या आईवडिलांसाठी आणखी ५० हजारांपर्यंत. हप्ता मात्र रोख भरू नका, वजावट जाते.

घरभाडे भत्त्याचा हिशेब लोक हमखास चुकवतात. मुंबईत मूळ पगाराच्या ५० टक्के धरतात, नाशिकला ४०. मूळ पगार महिना ५० हजार, भत्ता २० हजार, भाडं १५ हजार. तीन आकडे काढा: मिळालेला भत्ता २० हजार, पगाराचे ४० टक्के म्हणजे २० हजार, आणि भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा केले की १० हजार. सगळ्यात लहान आकडा करमुक्त, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. भाडं वर्षाला लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. आईवडिलांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना भाडं देता येतं, पण ते खरोखर त्यांच्या खात्यावर जायला हवं आणि त्यांनी ते उत्पन्नात दाखवायला हवं.

पायरी ४: नव्या पद्धतीतही काही उरतं

कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये भरलेली रक्कम मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. वरच्या १२ लाख ९५ हजारवाल्याच्या पगारातले २० हजार कंपनीने असे वळवले असते, तर कर शून्यावर आला असता. ते एचआरला आर्थिक वर्ष सुरू होतानाच सांगायचं, मार्चमध्ये नाही. हे पैसे बरीच वर्षं अडकतात, हेही लक्षात असू द्या.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा किंवा गाळ्याचा हिशेबही नीट करा. वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी आधी वजा होते, मग उरलेल्याचे ३० टक्के दुरुस्तीसाठी म्हणून जातात, पावती न मागता. घरपट्टी तुमची भरलेली हवी. भाडेकरूने भरलेली चालत नाही. महापालिकेची आगाऊ भरण्याची सवलत घ्यायची तर एप्रिलमध्येच भरून टाका.

इक्विटी फंड किंवा शेअर वर्षभरापेक्षा जास्त ठेवले असतील, तर दीर्घकालीन नफ्यातले सव्वा लाख रुपये दरवर्षी करमुक्त आहेत. वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. या नफ्याला १२ लाखांची ती सवलत लागू नाही, इथे खूप जण फसतात.

बायकोच्या नावावर एफडी टाकण्याची युक्ती चालत नाही. पैसा तुमचा असेल तर व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवतात. निवृत्त आईला दिलेल्या पैशांचं व्याज मात्र तिचं. पण पैसे खरोखर तिचे झाले, हे घरात आधी बोलून घ्या.

पायरी ५: गावाकडची बाग असेल तर

नाशिकमध्ये हे वेगळं लिहायलाच हवं. निफाड-दिंडोरीकडे स्वतःच्या नावावर द्राक्षबाग आणि सातपूरला नोकरी, असे कितीतरी जण आहेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण विवरणपत्रात दाखवावं लागतं, कारण पगाराच्या कराचा दर ठरवताना ते मिळवतात. करपात्र पगार ९ लाख आणि बागेचं निव्वळ उत्पन्न ६ लाख असेल तर १५ लाखांवरच्या १ लाख ५ हजार करातून करमुक्त ४ लाख आणि बागेचे ६ लाख मिळून १० लाखांवरचा ४० हजार कर वजा करतात. उरले ६५ हजार. त्यातून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी ती ६० हजारांची सवलत गेली, की उपकर धरून ५,२०० रुपये भरायचे. शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही. सातबारा, बाजार समितीची हिशेबपट्टी, खताऔषधांची बिलं जपून ठेवा.

जमीन विकणार असाल तर अंतर बघा. नाशिकसारख्या १० लाखांवर लोकसंख्येच्या शहरात हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन करासाठी शहरी धरतात आणि तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो. स्वतः किंवा आईवडिलांनी आधीची दोन वर्षं ती कसली असेल, तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन तो टाळता येतो. असा व्यवहार इसारपावती होण्याआधी सीएला दाखवा. त्याची फी इथे स्वस्तच पडते.

पायरी ६: भरा, आणि अर्धवट सोडू नका

पगारदारांची मुदत एरवी ३१ जुलै. उशिराला ५ हजार शुल्क, एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार. घरातल्या ज्येष्ठांचं कर भरण्याइतकं उत्पन्न नसेल, तर व्याजावर टीडीएस (देतानाच कापला जाणारा कर) कापू नये म्हणून बँकेत वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज द्यावा. पूर्वी त्याला १५एच म्हणायचे.

"परतावा आणून देतो, त्यातले काही टक्के मला" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. असा एक जण आमच्या गेटवर यायचा. न दिलेली पक्षदेणगी आणि न भरलेलं भाडं तो बिनदिक्कत लिहायचा. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने असे खोटे दावे देशभर तपासायला घेतले. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा दंड कराच्या दुप्पट असतो आणि सही तुमची असते, त्याची नाही. आधीच्या वर्षी असं काही झालं असेल, तर जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र देण्याची सोय चार वर्षांपर्यंत आहे.

आणि विवरणपत्र पाठवलं म्हणजे काम झालं, असं नाही. ३० दिवसांत ई-पडताळणी करावी लागते, बहुतेक जण ती आधारच्या ओटीपीने करतात. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका फिटरचा परतावा यामुळेच अडकला. मोबाईल नंबर बदलला होता, आधारला जुनाच जोडलेला. आधी तो नंबर बघा.