भाद्रपद लागला, खुराड्याचा तळ बघा

“कडी लावली होती, कुलूपही होतं,” असं कोंबड्या गमावलेला प्रत्येक जण सांगतो. आणि खरंच, सकाळी कडी-कुलूप जागच्या जागी असतं, आत मात्र पिसांचा सडा. कुत्रं दारातून येतच नाही. ते खालून येतं.

भाद्रपद-आश्विन म्हणजे कुत्र्यांचा माजाचा काळ. एरवी एकेकटी हिंडणारी कुत्री आता टोळीनं रात्रभर भटकतात. त्यात पावसानं खुराड्याच्या कडेची माती वाहून गेलेली असते. उन्हाळ्यात पहारीला दाद न देणारी जमीन आता पंजानं उकरली जाते. गेल्या वर्षी एका वस्तीवर तलंग गटातल्या (सरकारी योजनेत मिळणाऱ्या वाढत्या कोंबड्यांच्या) 25 माद्या आणि 3 नरांपैकी 6 पक्षी उरलेले पाहिले. बाहेरचा खड्डा जेमतेम घमेल्याएवढा. खाल्लेले पक्षी दोनच, बाकीचे नुसते झटकून टाकलेले. टोळीचं असंच असतं, फडफड थांबेपर्यंत मारत सुटते. गावरान कोंबडी निदान आंब्यावर उडून बसते. वनराजा, गिरिराजा या सुधारित जाती अंगानं जड, त्या कोपऱ्यात दबून मरतात.

तेव्हा आज दिवस मावळायच्या आत खुराड्याभोवती वाकून एक फेरी मारा. दाराखाली मूठ शिरली तर तिथे कुत्र्याचं तोंड शिरतं असं धरून चाला. उंबऱ्याला फरशी बसवा. भिंतीच्या तळाशी दोन फूट रुंदीची वेल्डमेश (जाड तारा वेल्डिंगनं जोडलेली) जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, आतली कड भिंतीला घट्ट बांधा, वर माती टाकून दगड ठेवा. कुत्रं अगदी भिंतीला लागूनच उकरतं. पंजा जाळीला लागला की मागे सरकून दोन फुटांवरून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. जाळीला पैसे नसतील तर फूटभर चर खणून दगडगोट्यांनी भरा, वर बाभळीच्या फांद्या दाबा. दार बाहेर उघडणारं हवं, म्हणजे धडक बसली तरी ते चौकटीतच घट्ट होतं.

दुकानात षटकोनी बारीक तारेची जाळी गळ्यात मारतात. ती कोंबड्यांपुरती ठीक, कुत्रं दातानं फाडतं. लुकलुकणारे सौर दिवे आणि कुत्र्यांना पळवणारं आवाजाचं यंत्रही खपवतात. मी एक दिवा घेतला होता. आठव्या दिवशी कुत्रं त्याच उजेडात उकरत होतं! त्या पैशांत तळाचं काम झालं असतं.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नका. चटक तिथेच लागते. तीन फूट खड्डा, वर चुना, मग माती.

विष घालणं गुन्हा आहे, आणि ते आपल्याच राखणदार कुत्र्याच्या पोटात जातं. निर्बीजीकरणासाठी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या, 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ते स्थानिक संस्थेचंच काम आहे.

नेहमीची कामं:
– लसी पिलाच्या वयाप्रमाणे: लासोटा (राणीखेत रोगावर) 7व्या दिवशी, गंबोरो रोगाची 14व्या दिवशी
– आर-टू-बी (राणीखेतचीच पुढची लस) 8व्या आठवड्यात, 0.5 मिली कातडीखाली
– रात्रीची जागा पक्ष्यामागे 1 ते दीड चौरस फूट
– जंतनाशक, कोरडं तूस, पाण्याची भांडी रोज धुणं

जखमी पक्षी वाचला तर पोव्हिडोन आयोडीन लावून डालग्याखाली अंधारात ठेवा, गुळाचं पाणी द्या. माशी बसू देऊ नका, या हवेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. कुत्रं तुम्हालाच चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. हळद-चुना भरत बसू नका.

एक माझी सवय, पुस्तकात नाही. रात्री खुराड्याभोवती चुलीतली राख चाळून पसरतो. सकाळी ठसे वाचता येतात. दोन रात्री ठसे एकाच कोपऱ्याशी घोटाळले, तर तिसरी रात्र पडू देऊ नका. तो कोपरा त्याच दिवशी दगडांनी भरा.