बर्फ वितळताना पाऊस आला तर: खोऱ्यातल्या पुराचा हिशेब

बर्फ किती फूट साचला, यावरून पुराचा अंदाज येत नाही. त्यात पाणी किती आहे हे मोजावं लागतं. ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या १ मीटर थरात साधारण १०० मिमी पाणी निघतं. वसंतातल्या दबलेल्या, खडीसाखरेसारख्या दाणेदार थरात ४०० मिमीसुद्धा.

मोजायला खाली दातेरी कडा असलेली नळी जमिनीपर्यंत उभी दाबा. वर काढल्यावर तळाशी माती किंवा गवत चिकटलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर नळी मधल्याच एखाद्या कडक थरावर अडली, पुन्हा घ्या. माती खरवडून टाका, मग वजन करा. बर्फाचे ग्रॅम भागिले नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ, म्हणजे पाण्याची उंची. ९०० ग्रॅमला ३० चौरस सेंमीने भागलं की ३० सेंमी, अर्थात ३०० मिमी. किमान दहा जागी मोजा. दाट झाडीखाली आकडा कमी येतो, वाऱ्याने रचलेल्या ढिगात जास्त.

आता थर पिकला आहे का, म्हणजे पाणी सोडायला तयार आहे का, ते पाहा. खड्डा खणून दर १० सेंमीवर थर्मामीटर खुपसा. वरपासून खालपर्यंत शून्य अंश लागलं तर बर्फ आता फारसं पाणी धरणार नाही. पण ३०० मिमी पाण्याचा थर सरासरी उणे ५ अंशांवर असेल, तर पहिलं साधारण ९ मिमी पाणी त्यातच गोठतं, शिवाय थोडं कणांच्या फटींत अडतं. एवढीच काय ती सवलत.

पावसाच्या उबेने बर्फ वितळतो हा समज मात्र सोडून द्या. ८ अंशांचा ५० मिमी पाऊस जेमतेम ५ मिमी बर्फ वितळवतो. खरं काम करतो तो पावसासोबतचा उबदार, दमट वारा: बर्फावर १ मिमी बाष्प पाणी होऊन बसलं की त्याच्या उष्णतेने सुमारे साडेसात मिमी वितळतं. म्हणून पावसाइतकाच वाऱ्याचा आणि दवबिंदूचा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्याचा) अंदाज बघा. रात्रीही तापमान शून्याच्या वर राहणार असेल तर वितळणं थांबतच नाही.

अंदाजासाठी सरासरी तापमानाच्या प्रत्येक अंशामागे दिवसाला २ ते ६ मिमी धरतात; वारा आणि पाऊस असेल तर वरचा आकडा घ्या. समजा ४०० चौरस किमीचं खोरं पूर्ण बर्फाखाली आहे, सरासरी ६ अंश, अंशामागे ५ मिमी. दोन दिवसांत वितळलेलं ६० आणि पाऊस ५०, मिळून ११० मिमी. त्यातलं ६० टक्के वाहून आलं तर २ कोटी ६४ लाख घनमीटर. ते ४८ तासांत उतरलं तर सरासरी १५३ घनमीटर प्रति सेकंद. पुराचं शिखर, म्हणजे सर्वाधिक प्रवाह, याहून बरंच वर. बर्फाखालची ओली जमीन गोठलेली असेल तर ६० टक्के कमीच पडतात. डोंगराळ खोऱ्यात उंचीचे पट्टे पाडून वेगवेगळा हिशेब करा, कारण दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि वरच्या पट्ट्यात पाऊस नव्हे, बर्फच पडत असतो.

उत्तरवाहिनी नद्यांची अडचण वेगळीच. अमेरिकेतली रेड नदी दक्षिणेकडे आधी सुटते आणि पुढचं पात्र अजून गोठलेलं असतं. एप्रिल १९९७ मध्ये तिच्या काठच्या ग्रँड फोर्क्स शहराला ४९ फुटांचा अंदाज होता, पाणी ५४ फुटांवर गेलं. अशा ठिकाणी अंदाज एका आकड्यात न देता पल्ल्यात द्या. वरून येणारा विसर्ग (दर सेकंदाला येणारं पाणी) तेवढाच असताना पुलापाशी पातळी चढू लागली तर खाली बर्फाचे तुकडे अडकलेत असं समजा. तिथे पाण्याच्या पातळीवरून विसर्ग काढायचं नेहमीचं कोष्टक चालत नाही.