गड्डा यात्रेच्या आधी चाळीस दिवस मालवणात

सोलापूरची थंडी बाहेरच्यांना पटत नाही. दुपारचं ऊन बघून ते म्हणतात, तुमच्याकडे कसली आलीय थंडी? पण डिसेंबरात पहाटे पारा 13-14 वर येतो, हवा कोरडी ठणठणीत, वर रस्त्याची धूळ. यांच्या गुडघ्यांना आणि छातीला ती पहाट सोसत नाही. मी 66 वर्षांची, हे 71. दोघंही शाळेतून निवृत्त झालो. गेली चार वर्षं आम्ही 1 डिसेंबरच्या सुमाराला मालवणला जातो आणि 10 जानेवारीला परत येतो. तिथली पहाट आपल्यापेक्षा चार-पाच अंशांनी तरी उबदार असते आणि हवेत ओल असते, यांचा कोरडा खोकला पहिल्याच आठवड्यात बसतो. फिरायला म्हणून नाही, तिथं राहायला जातो. ओळखीतली जोडपी सारखी विचारतात, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

तारखा अशाच का, ते आधी सांगते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो दिल्याशिवाय गाव सोडायचं नाही. आणि परतीची तारीख ठरते ती गड्ड्यावरून, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवरून. सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, भोगीला संमती कट्ट्यावर त्यांच्या लग्नाच्या अक्षता पडतात, तेव्हा आपण सोलापुरातच असायला हवं. यात मी तडजोड करत नाही.

आता घर. सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. पहिल्या वर्षी आम्ही फोटो बघून गावाबाहेर अगदी समुद्राला लागून खोली घेतली. गॅलरीतून लाटा दिसायच्या, पण खोली वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघर नाही, आणि जवळचा डॉक्टर सात किलोमीटरवर. एका रात्री दीड वाजता यांना धाप लागली. रिक्षा मिळेना. शेवटी शेजारच्या घरातला मुलगा स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही. एवढं झाल्यावर 20 डिसेंबरला मालक म्हणाले, नाताळचं बुकिंग आहे, दहा दिवस खोली रिकामी करा.

तेव्हापासून आमचा नियम एकच, समुद्र पंधरा मिनिटांवर असला तरी चालेल, डॉक्टर आणि बाजार पाच-दहा मिनिटांवर हवा. म्हणून तारकर्ली किंवा देवबागला न राहता आम्ही मालवण गावात राहतो. ग्रामीण रुग्णालय, एसटी स्टँड, औषधांची दुकानं, मासळी बाजार, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मोठं दुखणं आलंच तर ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. त्याहून गंभीर असलं तर तिकडची माणसं गोव्याला बांबोळीला नेतात. हे सगळं आणि 108 नंबर एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. घाबरल्यावर डोकं चालत नाही, कागद कामाला येतो.

घर फोनवर ठरवू नका. ऑक्टोबरात दोन दिवस जाऊन या आणि किराणा दुकानात, मेडिकलमध्ये, गिरणीवर विचारा. जे घर पर्यटकांना रोजावर दिलं जातं तिथून नाताळात तुम्हाला उठवणारच. त्यापेक्षा जिथं मुलं मुंबईला आहेत आणि एक बाजू रिकामी पडली आहे, असं चिऱ्याचं घर शोधा. घरमालकांनाही सोबत हवी असते. बघताना मी चार गोष्टी बघते. कमोड आहे का, पायऱ्या किती, न्हाणीची फरशी गुळगुळीत आहे का, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का. आम्ही महिन्याला 12 हजार देतो, लाइट बिल वेगळं. दोन्ही तारखा आणि 'नाताळातही खोली यांच्याकडेच' हे वाक्य कागदावर लिहून दोघांच्या सह्या करतो.

सोलापूरचं घर बंद करताना पाण्याकडे लक्ष द्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक घरात पिंपं, हौद, टाक्या भरलेल्या. ते पाणी चाळीस दिवस साठून राहिलं तर डासांची पैदास होणार. पिंपं धुऊन उपडी करायची, हौद कोरडा करायचा, एक किल्ली शेजारी ठेवायची.

प्रवास दोन टप्प्यांत करा. पहिल्या दिवशी मंगळवेढा, सांगोला, मिरजेवरून कोल्हापूर. तिथं मुक्काम, अंबाबाईचं दर्शन, रात्री हलकं जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं घाट उतरून मालवण. घाट उजेडातच उतरावा, आणि पुढची सीट धरावी. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच, आणि 75 पूर्ण झाले की फुकट. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी ठेवू नका, कंडक्टर बघायला मागतात. यांच्या दम्याचा पंप आणि दोघांच्या बीपीच्या गोळ्या 45 दिवसांच्या घेतो. निम्म्या माझ्या पर्समध्ये, निम्म्या यांच्या बॅगेत.

सामानात स्वेटर, शाली नकोत. रात्री पंखा लावून एक सोलापुरी चादर घेतली की पुरे. सुती कपडे मात्र जास्त घ्या, कारण दुपारी पारा 32-33 पर्यंत जातो आणि घाम वाळत नाही.

आणि ज्वारी. तिकडे भाताचं राज्य. यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. पहिल्या वर्षी मी दळलेलं पीठ नेलं, ते दहा-बारा दिवसांत दमटपणानं उतरलं. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा गेला, भाकरी थापताना कडेनं चिरायला लागली, गरम पाण्यानं उकड काढली तरी चव कडवट. आता मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आठ किलो अख्खी नेते आणि तिथल्या गिरणीवर दोन-दोन किलो दळून आणते. गिरणीवर तांदळानंतर लगेच टाकू नका म्हणून सांगायचं, नाहीतर पहिलं पीठ मिसळून येतं. कडक भाकरी नेलीत तर पहिल्या तीन दिवसांत संपवा, समुद्राच्या हवेनं ती सादळते आणि मग चामडं होते. शेंगाचटणीही एकदम मोठा डबा न उघडता छोट्या बरण्यांत भरून न्यावी. लोखंडी तवा धुऊन लगेच पुसायचा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवायचा, एका रात्रीत गंज धरतो. आमच्या घरमालकीण काकींना शेंगाचटणी इतकी आवडली की त्या बदल्यात रोज वाटीभर सोलकढी येते. "जेवलास काय?" असं त्या खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच, विचारतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, या एकट्या यांनाच विचारताहेत. मग कळलं, मालवणीत आदरानंही असंच बोलतात.

समुद्रावर चालायला जायची वेळ घड्याळ बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. काकींनी शिकवलेला हिशेब असा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि बाराला ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणून सकाळी सहा-सातला पाणी खूप आत गेलेलं असतं. अंदाज अर्ध्या-पाऊण तासानं चुकतो, पण चालणाऱ्याला तेवढा पुरतो. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरच चाला. वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो. आम्ही चिवला किनाऱ्यावर जातो, काठी सोबत ठेवतो, पाण्यात घोट्यापर्यंतच. त्यापुढे जायचं नाही, कितीही शांत दिसलं तरी. आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर शेवाळ असतं, तिकडे पाय टाकायचाच नाही.

सिंधुदुर्ग किल्ला एकदा तरी बघा. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्यासारख्या उजनी धरणाच्या पाण्याची वाट बघणाऱ्यांनी त्या विहिरीपाशी दोन मिनिटं थांबावंच. होडीत चढताना-उतरताना नावाड्याचा हात धरा, संकोच करू नका. शनिवार-रविवार आणि 24 डिसेंबर ते 1 जानेवारी टाळा.

नाताळच्या त्या आठ-नऊ दिवसांत गावात गाड्यांची रांग लागते, मासळीचे भाव चढतात. भाजी, कडधान्य, दूध पावडर 23 तारखेलाच भरून ठेवते, आणि आम्ही फारसे बाहेर पडत नाही. एरवी संध्याकाळी आसपासच्या गावांत जत्रा असतात, तिथं रात्री दशावतार रंगतो. पहाटेपर्यंत चालतो. आम्ही बारापर्यंत बसतो आणि काकींच्या पुतण्याबरोबर परत येतो. अंधारात बॅटरीशिवाय पायवाटेनं चालू नये, त्या बाजूला साप असतात.

निघायच्या आदल्या दिवशी पुढच्या वर्षाचे हजार रुपये आगाऊ देऊन तारखा वहीत लिहून घेते. ज्वारीच्या रिकाम्या पिशवीत कोकमं आणि आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, दोन बाटल्या, झाकणावर प्लॅस्टिक बांधून, उभ्या ठेवून आणायच्या. सुकी मासळी घेतलीत तर तीन पिशव्यांत गुंडाळा आणि तुमच्या पायाशी ठेवा, एसटीतल्या बाकीच्यांना त्रास नको. सोलापुरात पोचल्यावर पाणी कधी सुटणार ते शेजारी विचारायचं, पिंपं सुलटी करायची आणि अक्षतांच्या दिवशी नेसायची साडी इस्त्रीला टाकायची.