बांधकामात झाड वाचवायचंय? मग या चुका टाळा

पुनर्विकासाच्या साइटवर ठरलेलं वाक्य: "मॅडम, झाड ठेवलंय की!" ठेवलंय, खरं. बुंध्याला पत्रा गुंडाळलाय, आणि पत्र्याला लागूनच जेसीबी चाललाय. पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. त्यात पुण्यात कितीतरी ठिकाणी थोडी माती, मग मुरूम, की आला काळा पाषाण. मुळं आडवीच पसरणार.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे भराव. कोथरूडच्या एका सोसायटीत जुना पर्जन्यवृक्ष होता. इमारत उभी राहिली आणि पार्किंगची पातळी जुळवायला बुंध्याभोवती दोन फूट मुरूम टाकून रोलर फिरवला, वर पेव्हर ब्लॉक. मुकादमाला म्हटलं, मुळं गुदमरतील. "काय होत नाय ताई, मोठं झाड आहे." पुढच्या पावसाळ्यात झाड हिरवंगार, म्हणजे मुकादमच बरोबर! नंतर पानं बारकी यायला लागली, शेंडे वाळले. तोवर बिल्डर ताबा देऊन मोकळा. सोसायटीचं म्हणणं, वाळवी असेल, औषध मारू. शेवटी वळवाच्या पावसात अर्धं झाड गाड्यांवर आलं. दाबलेल्या मातीत हवा खेळत नाही, मुळं कुजतात; पण मोठं झाड साठवलेल्या अन्नावर काही वर्षं रेटतं, त्यामुळे भरावाकडे कुणाचं बोटच जात नाही.

ओळखायचं कसं? बुंधा जमिनीशी रुंदावलेला दिसायला हवा. खांबासारखा सरळ आत शिरत असेल तर भराव आहे. तो हातानं, हळूहळू काढा. मशीन नको.

कुंपण पहिली गाडी आत येण्याआधी घाला. छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास मोजायचा, त्याच्या बारा पट अंतर चारी बाजूंनी सोडायचं. दोन फुटी बुंध्याला चोवीस फूट. हे ऐकून इंजिनिअरचा चेहरा पडतो. मान्य, आपल्या प्लॉटवर एवढी जागा क्वचितच मिळते. म्हणून मी निदान दोन बाजू पूर्ण मागते आणि त्यावर अडून बसते.

ड्रेनेजचा चर झाडाजवळ जेसीबीनं काढू नका. दात मुळं कापत नाहीत, ओढून बुंध्यापर्यंत फाडतात. मजूर लावा. मनगटाएवढं मूळ दिसलं की थांबून पाइप त्याच्याखालून घ्या. उघडी मुळं ओल्या गोणपाटाखाली ठेवा. "एका दिवसाचं काम आहे" म्हणणाऱ्या सुपरवायझरला मी चहाला पाठवते.

मिक्सर धुतलेलं पाणी झाडाच्या आळ्यात सोडू नका. विटांची थप्पी तिथे नको. दिव्यांसाठी खिळेही नकोत.

क्रेनला आड येतात म्हणून एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या की झाडाचा तोल जातो. शिवाय परवानगी लागते. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही 'तोडणं' धरलंय, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं.

आणि "पुनर्रोपण करू ना" हे उत्तर मला देऊ नका. जुन्या चिंचेची बहुतेक मुळं खड्ड्यातच राहतात, फांद्या सगळ्या छाटतात, आणि क्रेननं दुसरीकडे रोवलेल्या त्या ओंडक्याला एप्रिलमध्ये पाणी घालायला कुणी नसतं.