पावसाळ्यात बाळाची खिचडी, पेज आणि पाणी कसं सांभाळावं

सकाळी साडेसहाला कुकरच्या शिट्ट्या, मग आठ सत्तावन्नची लोकल, आणि ओट्यावर झाकून ठेवलेली बाळाची मूगडाळीची खिचडी. साडेबाराला आजी पिंपातलं पाणी घालून ती सैल करते, घोटते आणि भरवते. अन्न घरचं, त्याच सकाळचं. तरी जुलै-ऑगस्टमध्ये बाळाला पुन्हा पुन्हा जुलाब होतात आणि घरात ठरतं, ‘दात येतायत.’

दातांचा काही संबंध नाही. दोष त्या सहा तासांचा आणि त्या पिंपातल्या पाण्याचा. तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू असतात आणि ते उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. भात ६० अंशांच्या खाली उतरला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही असं विष तयार करतात की ते परत उकळूनही जात नाही. नखांतून, बोटावरच्या चिरेतून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचंही तेच. म्हणून ‘दुपारी चांगली उकळून दिली होती’ हे पुरेसं नाही. बाळाला आपण कोमट भरवतो ते बरोबर, पण अन्न कोमट व्हावं ते बाळाच्या वाटीत, पातेल्यात नव्हे.

दुपारच्या जेवणाचे तीन मार्ग

पहिला, फ्रीज. खिचडी शिजली की कुकरमध्ये थंड होत ठेवू नका. स्टीलच्या पसरट डब्यात दोन बोटं उंचीचा थर पसरा, डबा परातीतल्या गार पाण्यात ठेवा, वाफ गेली की झाकण लावून फ्रीजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत डबा आत गेला पाहिजे. खोल पातेलं तसंच ठेवलं तर कडा गार होतात आणि मध्य कितीतरी वेळ कोमट राहतो. दुपारी लागेल तेवढीच काढा, उकळलेलं पाणी घाला, मधोमध बुडबुडे येईपर्यंत ढवळत गरम करा. डबा चोवीस तासांत संपवा. एकदा गरम केलेलं परत आत ठेवू नका.

दुसरा, रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास. त्यात उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ते ओतून लगेच रटरटती खिचडी काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. दुपारी उघडल्यावर भरपूर वाफ यायला हवी आणि अन्न तोंडात घालवणार नाही इतकं गरम हवं. उघडताक्षणीच भरवण्याजोगं कोमट असेल, तर ते टाकून द्या.

तिसरा मार्ग सगळ्यात भरवशाचा: कोरडं पीठ तयार ठेवायचं आणि भरवायच्या वेळी सात-आठ मिनिटांत पेज शिजवायची. आजीला गॅसपाशी फार वेळ उभं राहावं लागत नाही, आणि अन्न पडून राहण्याचा प्रश्नच संपतो.

मोड आलेल्या नाचणीचं पीठ

नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हे बरेचजण सांगतात. मोड आणण्याचा खरा फायदा मात्र वेगळा आहे. साध्या पिठाची पेज लवकर घट्ट होते, मग आपण पाणी वाढवतो आणि बाळाच्या चिमुकल्या पोटात नुसतं पाणी भरतं. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं, ते पिठातलं स्टार्च तोडतं, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं आणि पेज तरी चमच्याने भरवता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी बाळांच्या आहारासाठी या गुणाचा सविस्तर अभ्यास केला.

अर्धा किलो नाचणी तीन-चार पाण्यांतून धुवा, खडे काढा, उकळून गार केलेल्या पाण्यात दहा-बारा तास भिजवा. निथळून ओल्या फडक्यात बांधा. मुंबईच्या दमटपणात चोवीस तासांत मोड येतात. आंबूस वास आला तर ती नाचणी बाळासाठी वापरू नका. पातळ पसरून खडखडीत वाळवा: तळहातावर चोळल्यावर मोड तुटून गळले पाहिजेत. मग मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत परता. खमंग, तांबूस भाजलीत तर अमायलेज मरतं आणि मेहनत फुकट. थंड झाल्यावर मिक्सरमध्ये दळून कोरड्या बरणीत भरा.

वाळवणं हेच अवघड. हे काम मे महिन्याच्या उन्हातच उरकावं. पावसात पंख्याखाली दोन दिवस ओलसर राहिलेल्या नाचणीला बुरशी धरते. पिठात घालायचे शेंगदाणे असतील तर जास्तच जपा: खवट, सुरकुतलेले, काळपट दाणे निवडून फेका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष नेहमीच्या भाजण्याने पुरतं जात नाही.

एका वेळेला दोन मोठे चमचे नाचणीपीठ, एक मोठा चमचा भाजलेल्या मूगडाळीचं पीठ, एक पेला पाणी. पीठ गार पाण्यातच कालवा आणि आच मंद ठेवा, कारण अमायलेज पेज तापत असतानाच काम करतं. उकळी आल्यावर पाच मिनिटं शिजवा, कारण मोड येताना जंतूही वाढलेले असतात. वरून चमचाभर तूप. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ नको आणि मध तर अजिबात नको. पेज चमचा तिरका केल्यावर धारेने सांडली तर ती फार पातळ आहे.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा, अंगावरचं दूध चालूच. वाटीत उरलेलं परत पातेल्यात घालू नका, त्यात बाळाची लाळ गेलेली असते.

पाणी

मुंबईत भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध झालेलं पाणी नळाला येण्याआधी शहरभर फिरतं, आणि आपल्याकडे ते काही तासच येतं. बाकी वेळ वाहिनीत दाब नसतो. गटाराशेजारून गेलेल्या वाहिनीला बारीक भोक असलं की बाहेरची घाण आत ओढली जाते. थेट नळाला मोटर लावली तर ही ओढ वाढते. म्हणून पाणी आल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी मोरीसाठी वापरा. पिण्याचं नंतर भरा, दुपदरी फडक्यातून गाळा आणि खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट राहू द्या. त्याच भांड्यात झाकून गार करा.

उकळलेलं पाणी बिघडतं ते पेला बुडवल्याने. तोटीचं भांडं घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. आणि दुधाची बाटली पावसाळ्यात तरी बाजूला ठेवा. तिच्या बुचाच्या खाचा घासून निघत नाहीत. वाटी-चमचा किंवा बोंडलं उकळायला सोपं.

तरीही जुलाब झाले तर

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एकाच वेळी, सगळं. पेल्यात चिमूट-चिमूट पूड घालून केलेलं पाणी कधी खारट होतं, कधी निकामी. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले, तेही मोजूनच. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. चोवीस तासांनी उरलेलं ओता. तयार गोड पेयं याची जागा घेत नाहीत.

खाणं बंद करू नका. सहा महिन्यांवरच्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक, रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळी सुटते, ती सोडू नका. शौचात रक्त, डोळे किंवा टाळू खोल, सहा तास लघवी नाही, मूल ग्लानीत किंवा पीतच नाही, यातलं एकही दिसलं तर घरी वाट न पाहता रुग्णालयात न्या. वाटेतही ओआरएस चमच्याने चालू ठेवा.