हाय-टॉप घेताना आधी आत बघा

लग्नाचे फोटो काढायचा धंदा असल्यामुळे हळदीपासून वरातीपर्यंत मी उभाच असतो. तरी पायात हाय-टॉपच. साध्या जीन्सखाली घोट्यापर्यंत चढलेला कॅनव्हासचा बूट जो उठाव देतो, तो जाड सोलच्या चालायच्या बुटांना येत नाही. भाचा विचारतो, "मामा, दिसाय भारी हाईत की, पण पाय दुखत न्हाईत व्हय?" आत न बघता घेतले तर दुखणारच.

कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ चा. कॅनव्हास आणि सपाट रबर, एवढंच. टाचेखाली गादी नावापुरतीच, तळपायाच्या कमानीला आधार नाही. तोच चेहरा हवा पण दिवसभर उभं राहायचं असेल, तर कॉन्व्हर्सचाच चक ७० बघा. कापड जाड, आतली गादीही जाड. पैसे जास्त पडतात, पण माझ्या मते ते वसूल होतात. नायकीचा १९८५ चा एअर जॉर्डन १ चामड्याचा. टाचेत हवेची पिशवी आहे, तरी पायाला कडकच लागतो आणि बेळगावच्या एप्रिलमध्ये पाय आत घामाघूम होतो. तो मी मिरवायच्या बुटांत धरतो.

खडे बाजारात बूट बघायला संध्याकाळी जा. तोवर पाय थोडे फुगलेले असतात. नेहमीचेच मोजे घाला. ऑल स्टार मापाला जरा मोठा येतो, म्हणून बरेच जण अर्धा नंबर कमी घेतात. मी घेत नाही. त्या जागेत वेगळा इनसोल (आत घालायची सुटी गादी) बसतो आणि सगळा खेळ तिथंच आहे. इनसोल घालून दुकानातच उभे राहा, अंगठ्यापुढे बोटभर जागा उरते का बघा, टाच उचलून करंगळी घासते का तेही बघा. "वापरून सैल होतंय हो" असं दुकानदार म्हणेलच. कॅनव्हास थोडं सैल होतं, पुढचं रबर होत नाही.

नाडी खाली घट्ट, घोट्याजवळ ढिली ठेवा. वरची दोन भोकं मी मोकळीच सोडतो. त्यामुळे गुडघे वाकवून खालून फोटो घेताना नडगीला काचत नाही, आणि मांडवाशी बूट काढताना भटजी अंतरपाट धरून खोळंबत नाहीत. (जॉर्डनच्या नाड्या सोडेपर्यंत मंगलाष्टकं संपतील!)

पावसाळ्यात मात्र हौस आवरा. ऑल स्टारला आतल्या बाजूनं हवेसाठी दोन भोकं असतात. टिळकवाडीतलं एक डबकं चुकलं की पाणी तिथूनच आत. भिजलेच तर इनसोल बाहेर काढा, बुटात रद्दी पेपर कोंबा, दोन-तीनदा बदला आणि पंख्याखाली ठेवा. चुलीशी नको, सोलचा गोंद सुटतो.